टेराझोसिनमध्ये खंड पडला तर: रक्तदाब आणि प्रोस्टेटच्या गोळीबद्दल सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका घरातले वडील, वय ६९. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम बरीच वर्षे चालू. रात्री चारदा लघवीला उठतात, धार बारीक. डॉक्टरांनी टेराझोसिन दिली, आधी १ मिलिग्रॅम, मग २, आणि फरकही पडू लागला. मग लग्नासाठी सावंतवाडीला गेले, गोळ्या घरीच राहिल्या, पाच दिवस खंड पडला. परतल्यावर सकाळी अ‍ॅम्लोडिपिनबरोबरच २ मिलिग्रॅमची गोळी घेतली. तासाभराने न्हाणीत पाटावरून उठताना अंधारी आली आणि पडले. मुलगा विचारतो: गोळी सोसत नाही म्हणून बंद करायची का? शेजारच्या काकांना टॅम्सुलोसिन चालते, ती घ्यायची का? आणि पुढच्या महिन्यात मोतीबिंदूचे ऑपरेशन आहे, त्याला काही अडचण?

सर्वांत आधी पडण्याकडे बघा. डोक्याला मार लागला असेल आणि ते अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी घेत असतील, तर वरून काही दिसत नसले तरी आजच दवाखान्यात दाखवा. वाढत जाणारी डोकेदुखी, उलटी, झापड किंवा बोलण्यात गोंधळ असेल तर १०८ बोलवा. कंबर किंवा जांघ दुखत असून पायावर भार देता येत नसेल तर एक्स-रे काढल्याशिवाय चालवू नका.

आता गोळीबद्दल. ती सोसत नाही, असे एवढ्यावरून म्हणता येत नाही. टेराझोसिन, प्राझोसिन आणि डॉक्साझोसिन ही अल्फा ब्लॉकर गटातली औषधे. प्रोस्टेटमधले (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीतले) आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू ज्या ग्राहींमुळे (पेशींवरच्या संदेश पकडणाऱ्या जागांमुळे) आवळलेले राहतात, तेच ग्राही रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही असतात. गोळी दोन्हीकडे ढिलाई आणते, म्हणून लघवीची वाट मोकळी होते आणि रक्तदाबही उतरतो. माणूस उभा राहतो तेव्हा अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पोटात आणि पायांत उतरते. एरवी वाहिन्या काही सेकंदांत आवळून ते वर ढकलतात. गोळीच्या पहिल्या डोसानंतर हे आवळणे नीट होत नाही, मेंदूला क्षणभर रक्त कमी पडते आणि घेरी येते. काही दिवसांत शरीर याला सरावते. मात्र खंड पडला की हा सराव मोडतो. टेराझोसिनचे रक्तातले प्रमाण सुमारे १२ तासांत निम्मे होते, म्हणजे पाच दिवसांनी औषध शरीरात जवळजवळ राहिलेलेच नव्हते. वडिलांनी घेतली ती गोळी शरीराच्या दृष्टीने पहिलीच होती, आणि तीही दुप्पट ताकदीची.

त्यात सकाळची वेळ. ही गोळी घेतल्यावर एक ते दोन तासांत रक्तातले प्रमाण टोकाला पोचते, नेमके तेव्हा ते आंघोळीला बसले होते. भाणातल्या (पाणी तापवायच्या हंड्यातल्या) कढत पाण्याने कातडीच्या वाहिन्या आणखी फुलतात, खाली पाटावर बसून एकदम उठले की रक्त पायांत उतरते. वर सकाळचे अ‍ॅम्लोडिपिन होतेच. एवढ्या गोष्टी एकत्र आल्यावर घेरी आली नसती तरच नवल.

म्हणून नियम असा: एका रात्रीची गोळी राहिली तर ती सोडून द्या आणि दुसऱ्या रात्री नेहमीचीच घ्या, दोन एकदम घेऊ नका. काही दिवसांचा खंड पडला तर जुन्या डोसावर परत जाऊ नका. डॉक्टरांना विचारून पुन्हा १ मिलिग्रॅमपासून, रात्री अंथरुणावर पडण्याच्या वेळी सुरू करा. घरात २ आणि ५ च्या स्ट्रिप उरलेल्या असतात आणि १ ची संपलेली असते, म्हणून बहुतेक लोक इथेच चुकतात. १ ची एक स्ट्रिप कायम घरात ठेवा. प्रवासाला जाताना गोळ्या सामानाच्या बॅगेत टाकण्यापेक्षा चष्म्याच्या डबीबरोबर ठेवलेल्या बऱ्या, त्या विसरत नाहीत.

डोस वाढवायचा क्रम साधारण असा असतो: १ मिलिग्रॅम तीन ते सात रात्री, मग २ मिलिग्रॅम एक-दोन आठवडे, मग गरज असेल तर ५, आणि क्वचित १०. प्रोस्टेटसाठी बऱ्याच जणांना ५ ते १० लागते, पण ६९ वर्षांच्या आणि आधीच रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाला २ वर बरे वाटत असेल तर तिथेच थांबण्यात कमीपणा नाही. धारेत फरक साधारण दोन आठवड्यांत कळू लागतो. पूर्ण परिणाम बघायला चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. तिसऱ्या दिवशी ‘काहीच फरक नाही’ म्हणून आपणहून दोन गोळ्या घेणारे पडतातच.

प्रत्येक पहिल्या डोसानंतर, वाढीव डोसानंतर आणि खंडानंतरच्या डोसानंतर १२ तास स्कूटर, गाडी, शिडी, विहिरीचा काठ सगळे वर्ज्य. कुळागरात पोफळीवर चढणाऱ्या किंवा नारळ पाडणाऱ्या माणसाला हे औषध लिहिण्यापूर्वी डॉक्टरांनी कामाची चौकशी करायलाच हवी. ते विचारत नसतील तर तुम्ही सांगा.

रात्री उठण्याची रीत घरातल्या सगळ्यांनी शिकून घ्यावी. जाग आली की आधी पडल्यापडल्या पावले दहा-पंधरा वेळा खालीवर हलवायची, मग खाटेच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटे बसायचे, मग काहीतरी धरून उभे राहायचे आणि डोके स्वच्छ वाटले तरच चालायचे. लघवी बसून करावी. पुरुषांना हे सांगितलेले आवडत नाही, पण उभ्याने लघवी करताना मूत्राशय रिकामे होता होता रक्तदाब आणखी उतरतो आणि समोर भिंत नाही तर नळ असतो. जुन्या घरांत न्हाणी आणि संडास मागच्या बाजूला, दोन पायऱ्या उतरून, पावसाळ्यात शेवाळलेल्या जमिनीवरून गाठावे लागतात. अशा घरात पहिले दोन आठवडे खाटेजवळ युरिनची बाटली ठेवावी आणि वाटेत रात्रभर बारीक दिवा चालू ठेवावा.

घेरी आलीच तर उभे राहून सावरण्याचा प्रयत्न करू नका. जिथे आहात तिथे खाली बसा, शक्यतो आडवे व्हा आणि पाय उशीवर घ्या. बहुतेकदा काही मिनिटांत बरे वाटते. कोणी बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी ओतू नका. छातीत दुखले, शुद्ध लवकर आली नाही किंवा नाडी अडखळत असेल तर तो गोळीचा नेहमीचा परिणाम समजून घरी बसू नका.

रक्तदाब घरी मोजता येत असेल तर फक्त बसून मोजलेल्या आकड्याचा इथे उपयोग नाही. पाच मिनिटे आडवे पडू द्या, दंडाला पट्टा बांधून मोजा. पट्टा न काढता उभे करा, एक मिनिटाने मोजा, तीन मिनिटांनी परत मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर उभे राहताना दाब पडतो असे धरायचे. समजा आडवे असताना १४८/८२ आणि उभे राहिल्यावर ११८/७०, तर खुर्चीत बसून १४० दिसतो म्हणून डोस वाढवणे म्हणजे पडायला आमंत्रण. हे आकडे डोस वाढवण्याआधी आणि वाढवल्यावर दोन-तीन दिवसांनी वहीत लिहा. मधुमेह जुना असेल किंवा पार्किन्सन असेल तर उतार जास्त दिसतो. मेटोप्रोलोल किंवा अ‍ॅटेनोलोलसारखी बीटा ब्लॉकर चालू असेल तर हृदयाची गती वाढवून दाब सावरण्याची सोय अडते, आणि क्लोरथॅलिडोन, टॉर्सेमाइडसारख्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी अंगातले पाणी आधीच कमी झालेले असते.

एप्रिल-मेमध्ये घामाने तेच होते. याच दिवसांत हुर्राक, म्हणजे काजूची ताजी दारू, येते. फेणीच्या मानाने ती हलकी, म्हणून लिंबू आणि सोडा घालून मोठ्या ग्लासातून घेतली जाते आणि मोजदाद राहत नाही. दारू वाहिन्या फुलवते, पाणी बाहेर काढते, रात्रीची लघवी वाढवते. टेराझोसिनचा निचरा मुख्यतः यकृतातून होतो, त्यामुळे यकृत दारूने खराब झालेले असेल तर गोळीचा परिणाम जास्त होतो. डोस बसेपर्यंत पूर्ण बंद, हेच सांगणे योग्य. जुलाब, उलट्या, ताप किंवा निर्जळी उपवास असेल त्या दिवशी रात्रीची गोळी घ्यायची की नाही हे फोन करून विचारा. चवथीला घुमट-आरत्यांत गर्दीत तासभर उभे राहायचे असेल तर वडिलांना खुर्ची द्या.

टॅम्सुलोसिनचा प्रश्न रास्त आहे. ती याच गटातली, पण तिचा ओढा प्रोस्टेटमधल्या ग्राहींकडे जास्त, म्हणून रक्तदाबावर परिणाम कमी. कमी म्हणजे शून्य नव्हे. डोस ०.४ मिलिग्रॅम, रोज एकाच जेवणानंतर अर्ध्या तासाने, कॅप्सूल न चावता आणि न उघडता. रिकाम्या पोटी घेतली तर रक्तातले प्रमाण वाढते आणि चक्कर येते. ज्यांच्या सकाळच्या चहानंतर थेट अकराला पेज असते त्यांनी ती रात्रीच्या जेवणानंतर घेतलेली बरी. तिने रक्तदाब आटोक्यात येत नाही, त्याची सोय वेगळी करावी लागते. माझे मत विचाराल तर ६९ व्या वर्षी ‘एकाच गोळीत दोन कामे’ हा हिशेब मोहात पाडणारा असला तरी नेहमी फायद्याचा नसतो. अमेरिकेतल्या ऑलहॅट या मोठ्या अभ्यासात डॉक्साझोसिनचा गट २००० साली मध्येच थांबवावा लागला, कारण क्लोरथॅलिडोन घेणाऱ्यांच्या तुलनेत हार्ट फेल्युअरचे प्रमाण जवळपास दुप्पट दिसले. तेव्हापासून अल्फा ब्लॉकर रक्तदाबासाठी पहिल्या फळीत लिहीत नाहीत, बाकीच्या गोळ्या पुऱ्या पडल्या नाहीत की जोडतात. वडिलांचा दाब अ‍ॅम्लोडिपिनवर ठीक असेल आणि तक्रार फक्त लघवीची असेल, तर टॅम्सुलोसिनकडे वळण्याबद्दल डॉक्टरांशी जरूर बोला. दाब चढा राहत असेल आणि इतर गोळ्या चालत नसतील तर टेराझोसिन हळूहळू परत आणणे शक्य आहे.

मात्र एक सांभाळा, आणि याच एका गोष्टीवर मी अडून बसेन: ‘ती’ (टॅम्सुलोसिन) घ्यायची तर ‘ही’ (टेराझोसिन) बंद. दोन अल्फा ब्लॉकर एकत्र चालू असलेले रुग्ण दुर्मीळ नाहीत. फिजिशियन किंवा किडनीचे डॉक्टर रक्तदाबासाठी प्राझोसिन लिहितात, युरोलॉजिस्ट प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन किंवा सिलोडोसिन लिहितात, दोन कागद दोन फायलींत राहतात आणि गोळ्या एकाच डब्यात जातात. कापलेल्या स्ट्रिपवर नाव अर्धेच उरलेले असते, त्यामुळे घरच्यांनाही कळत नाही. सगळ्या स्ट्रिप टेबलावर पसरा आणि ब्रँडखालचे बारीक अक्षरातले नाव वाचा. नावाच्या शेवटी ‘झोसिन’, ‘लोसिन’ किंवा ‘डोसिन’ असेल तर ती बाजूला काढा. अशा दोन निघाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. लॅबेटालोल आणि कार्वेडिलोल यांच्यातही थोडा अल्फा ब्लॉकरचा गुण आहे, आणि झोपेसाठी किंवा भ्रमासाठी दिलेली क्वेटियापिनही दाब उतरवते. प्राझोसिनच्या ‘एक्सएल’ गोळ्या तोडायच्या, कुटायच्या नाहीत. तोडल्या की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. काही ब्रँडच्या गोळीचे रिकामे कवच शौचातून जसेच्या तसे बाहेर पडते, ते पाहून गोळी विरघळली नाही असे समजू नका.

बाकीच्या तक्रारींत नाक चोंदणे ही बारीक वाटते, पण तीच गोत्यात आणते. नाकातल्या वाहिन्याही गोळीने फुलतात, म्हणून नाक बंद होते. माणसाला वाटते सर्दी झाली. फार्मसीतून सर्दीची गोळी आणतो. तिच्यात बहुतेकदा फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन असते. पहिले मूत्राशयाचे तोंड आवळते, दुसरे मूत्राशयाचा जोर कमी करते, आणि रात्री लघवी पूर्ण तुंबते. नाक चोंदले तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब घाला, आणि सर्दीची कोणतीही गोळी घेताना ‘प्रोस्टेट आहे’ हे आधी सांगा. लघवी पूर्ण अडली, ओटीपोट टणक झाले तर सकाळपर्यंत थांबायचे नाही. नळी घालून मूत्राशय मोकळे करावे लागते, आणि ते जितके लवकर तितके बरे.

पहिले काही आठवडे थकवा, दुपारची झापड, डोके जड होणे, क्वचित धडधड हे चालते. पायाची सूज अ‍ॅम्लोडिपिननेही येते आणि टेराझोसिननेही. दोन्ही पाय सारखे सुजले, वजन वाढत गेले किंवा आडवे झाल्यावर दम लागला तर हृदयाची तपासणी हवी. टॅम्सुलोसिन आणि त्याहून जास्त सिलोडोसिनने वीर्य बाहेर न पडता मागे मूत्राशयात जाते. ते धोक्याचे नाही, पण आधी सांगितले नाही तर माणूस घाबरून गोळी बंद करतो. ताठरतेसाठी सिल्डेनाफिलसारखी गोळी घ्यायची असेल तर अल्फा ब्लॉकरचा डोस स्थिर झाल्यावरच आणि २५ मिलिग्रॅमपासून. हृदयासाठी नायट्रेट चालू असेल तर अजिबात नाही. ताठरता चार तासांहून जास्त राहिली तर लाजून घरी बसू नये, कायमचे नुकसान होते.

आता रात्री चारदा उठण्याबद्दल, कारण सगळा दोष प्रोस्टेटच्या माथी मारला जातो. गोळीचा डोस वाढवण्याआधी तीन दिवसांची नोंद करा. प्लॅस्टिकचा मोजमापाचा जग घ्या, प्रत्येक वेळी किती वाजता आणि किती मिलिलिटर ते लिहा. झोपल्यापासूनची सगळी लघवी आणि सकाळी उठल्यावरची पहिली, एवढी मिळून रात्रीची धरायची. समजा चोवीस तासांत मिळून १८०० मिलिलिटर झाली आणि त्यातली ८०० रात्रीची, म्हणजे ४४ टक्के. या वयात रात्रीचा वाटा ३३ टक्क्यांहून जास्त असेल तर शरीर रात्री लघवी जास्त तयार करते आहे. तिथे प्रोस्टेटची कोणतीही गोळी कमीच पडणार. अशा वेळी दिवसभर पायांत साठलेले पाणी आडवे झाल्यावर परत रक्तात येते का, साखर वाढली आहे का, घोरताना श्वास अडतो का, लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली जाते का, हे बघायचे. संध्याकाळी तासभर पाय वर घेऊन बसणे, सातनंतर चहा बंद आणि जेवणात खारे, सुके मासे, लोणचे कमी, एवढ्याने एखादी फेरी कमी होते. पाणी एकूण तोडू नका, फक्त दिवसा प्या. याउलट प्रत्येक वेळी १००-१५० मिलिलिटरच होत असेल, धार अडखळत असेल, तर प्रोस्टेटचा संशय पक्का. तेव्हा सोनोग्राफीत लघवीनंतर किती उरते ते मोजून घ्यावे आणि पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी करावी. अल्फा ब्लॉकर प्रोस्टेट लहान करत नाहीत आणि पीएसए बदलत नाहीत. ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड ग्रंथी लहान करतात, त्याला सहा महिने लागतात, आणि पीएसए साधारण निम्मी दिसते. टॅम्सुलोसिनबरोबर ड्युटास्टेराइड असलेली जोडगोळी चालू असेल तर पीएसएचा आकडा वाचणाऱ्याला हे माहीत असायला हवे. घरात गरोदर बाई असेल तर तिने ड्युटास्टेराइडच्या फुटलेल्या कॅप्सूलला हात लावू नये.

मोतीबिंदूचे मात्र गोळी परत सुरू करण्याआधी ठरवा. या गटातल्या औषधांमुळे डोळ्यातली बाहुली ऑपरेशनच्या वेळी नीट फुलत नाही आणि बुबुळ सैल पडून मध्ये येते. टॅम्सुलोसिनने हे सर्वांत जास्त होते, टेराझोसिननेही होऊ शकते. ऑपरेशनआधी आठवडाभर गोळी बंद करून हा धोका टळत नाही. औषध सोडून बराच काळ लोटला तरी बुबुळ सैल राहिलेले आढळते. शल्यचिकित्सकांना आधी माहीत असेल तर ते बुबुळ धरून ठेवणारे हूक आणि डोळ्यात घालायचे औषध तयार ठेवतात आणि ऑपरेशन नीट पार पडते. वडिलांच्या गोळीत आत्ता खंड पडलेलाच आहे. रात्रीची तक्रार सोसण्यासारखी असेल तर नवी अल्फा ब्लॉकर, विशेषतः टॅम्सुलोसिन, डोळ्याचे काम झाल्यावर सुरू करावी का, हे दोन्ही डॉक्टरांना विचारा. काहीही ठरले तरी ‘टेराझोसिन घेतलेली आहे’, कधीपासून कधीपर्यंत आणि किती मिलिग्रॅम, हे कागदावर लिहून डोळ्याच्या डॉक्टरांच्या हातात द्या. नर्सकडच्या फॉर्ममध्ये ‘बीपीची गोळी’ एवढेच लिहिले जाते आणि त्यातून काही कळत नाही. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी तोच कागद परत द्या, मधे वर्ष गेलेले असले तरी.